गळ्यातील ग्रंथी आणि ताटातील मीठ

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

भूगोलाच्या विद्यार्थिनीने शरीरशास्त्रावर लिहावे, हे काही वाचकांना, विशेषतः आमच्या प्राध्यापकवर्गाला, आगाऊपणाचे वाटेल. वर्षभरापूर्वी कोणी सांगितले असते तर मलाही तसेच वाटले असते. परंतु गेल्या वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक इवलीशी बाटली माझ्या हाती आली आणि तिच्यामागे जाता जाता मी हिमालयातील दऱ्यांपासून थेट आमच्या घरच्या मिठाच्या बरणीपर्यंत येऊन पोहोचले. विषय आहे अवटुग्रंथीचा, म्हणजे ज्या ग्रंथीला आपण सारे सरसकट थायरॉइड म्हणतो तिचा, आणि तिला लागणाऱ्या दोन-तीन खनिजांचा.

शिबिर सातपुड्याच्या पायथ्याशी होते. सकाळी शोषखड्डे खणायचे आणि दुपारी घरोघर जाऊन आरोग्याची माहिती नोंदवायची, असा कार्यक्रम असे. तिथल्या आशाताईंनी आम्हा मुलींना मीठ तपासायची बाटली दिली. कृती अगदी सोपी. बशीत चिमूटभर मीठ घ्यायचे आणि त्यावर एक थेंब टाकायचा. मिठात आयोडीन असेल तर मीठ निळे-जांभळे होते. शाळेत आपण बटाट्याच्या कापावर आयोडीनचा थेंब टाकून पिष्ट ओळखले होते; हा त्याचाच उलटा प्रयोग. येथे पिष्टाचे पाणी टाकून आयोडीन ओळखायचे. काही घरांत मीठ गडद निळे झाले, काही घरांत फिकट, आणि काही घरांत ते ढिम्म पांढरेच राहिले. ही पांढरी राहणारी मिठे बहुधा आठवडी बाजारातून सुटी आणलेली, जाड खड्यांची असत.

बाटलीत थोडे थेंब उरले होते. आशाताईंना विचारून मी ती घरी आणली आणि गंमत म्हणून आमच्याच स्वयंपाकघरातले मीठ तपासले. आमच्याकडे आजीच्या हट्टामुळे कायम जाडे मीठच येते. थेंब पडला. मीठ पांढरेच राहिले.

"अगं, समुद्राचं मीठ ते," आजी म्हणाली. "त्यात काय नसतं?"

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पण माझी वहिनी त्या वेळी चौथ्या महिन्यात होती, आणि शिबिरातल्या डॉक्टरांनी गरोदर बायकांविषयी जे सांगितले होते ते माझ्या कानांत होते. दुसऱ्या दिवसापासून मी ग्रंथालयात बसू लागले. आजीच्या प्रश्नाचे उत्तर पुढे येईलच. आधी ग्रंथीची ओळख करून घेऊ.

अवटुग्रंथी गळ्यात समोरच्या बाजूस, श्वासनलिकेला बिलगून बसलेली असते. दोन पाती आणि मध्ये अरुंद पट्टी, असा फुलपाखरासारखा आकार. वजन मोठ्या माणसात १५ ते २५ ग्रॅम. ती जी संप्रेरके तयार करते त्यांतील मुख्य थायरॉक्सिन. शरीराच्या पेशींनी किती वेगाने काम करायचे, किती उष्णता निर्माण करायची, हृदयाने किती जलद चालायचे, हे पुष्कळसे या संप्रेरकांवर ठरते. ती कमी पडली की माणूस मंदावतो. थंडी सोसत नाही, वजन वाढते, केस गळतात, त्वचा कोरडी पडते, बद्धकोष्ठ होतो, दिवसभर झोप येते. आपल्याकडे अशा बाईला 'आळशी' म्हणून मोकळे होतात. ते पुढे येईल.

थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. प्रथिनांतून मिळणाऱ्या टायरोसीनला आयोडीन जोडून ग्रंथी ते बनवते. म्हणजे आयोडीन हा येथे मसाला नव्हे, मुख्य जिन्नस आहे, आणि शरीर तो स्वतः तयार करू शकत नाही. प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम पुरते; गरोदर स्त्रीला २५०. एका मायक्रोग्रॅमचा अर्थ ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मी हिशेब केला तेव्हा सत्तर वर्षांच्या आयुष्याला मिळून चार ग्रॅमही लागत नाही असे दिसले. चहाच्या एका चमच्यात आयुष्यभराचा शिधा मावतो. मात्र हा चमचा एकदाच घेऊन चालत नाही, थोडे थोडे रोजच पोटात जावे लागते.

ते गेले नाही तर काय होते? रक्तातील थायरॉक्सिन घटले की मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी आपले एक संप्रेरक सोडून अवटुग्रंथीला डिवचते. (रक्ततपासणीच्या कागदावर टीएसएच म्हणून जो आकडा असतो तो याचाच.) डिवचली गेलेली ग्रंथी वाढू लागते. विहिरीला पाणी कमी पडले की शेतकरी ती आणखी खोल, आणखी रुंद करत जातो, तसाच हा प्रकार. मिळेल तेवढे आयोडीन टिपण्यासाठी ग्रंथी फुगते आणि गळ्यावर गाठ दिसू लागते. तिलाच गलगंड म्हणतात. आयोडीनची कमतरता फार नसेल तर या वाढलेल्या ग्रंथीवर शरीराचे भागतेही. म्हणून गलगंड हा रोग असला तरी तो ग्रंथीचा एक प्रकारचा प्रयत्नही आहे, हे मला वाचताना फार लक्षात राहिले.

येथे आमचा भूगोल येतो. जमिनीतील आयोडीन पावसाने, पुराने, हिमनद्यांच्या घसरणीने धुऊन समुद्राला मिळते. समुद्रातून थोडे हवेत जाते आणि पावसाबरोबर परत येते, पण गेलेल्याच्या मानाने ते अत्यल्प. म्हणून हिमालय, आल्प्स, अँडीज अशा पर्वतराजींत आणि वारंवार पुराखाली जाणाऱ्या मैदानांत जमीन आयोडीनला पारखी असते. अशा जमिनीत पिकलेले धान्य, भाजी, तिथल्या गवतावर पोसलेल्या गाईचे दूध, सगळ्यांतच ते कमी. तिथला माणूस पोटभर जेवूनही या एका बाबतीत उपाशी राहतो.

हे कोडे सुटायला मात्र शंभर वर्षे लागली. १८११ साली फ्रान्समध्ये कूर्त्वा नावाचा सोरा बनवणारा कारखानदार समुद्रशैवालाच्या राखेवर काम करत असता त्याला जांभळी वाफ दिसली, ते आयोडीन. १८२० मध्ये जिनीव्हाच्या क्वांदे या डॉक्टरने गलगंडावर आयोडीन देऊन पाहिले. गाठी उतरल्या, पण काही रोग्यांना धडधड, थरथर असे भलतेच त्रास सुरू झाले आणि औषधाची बदनामी झाली. मात्रा भारी पडत होती. १८९५ च्या सुमारास बाउमानने ग्रंथीतच आयोडीन असल्याचे दाखवले आणि १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत केंडॉलने थायरॉक्सिन वेगळे काढले.

मधल्या काळात आपल्या उपखंडात एक विलक्षण माणूस काम करत होता. रॉबर्ट मॅककॅरिसन हा लष्करी वैद्यक सेवेतला डॉक्टर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गिलगिटला होता. तिथे एकाच ओढ्याच्या काठी एकाखाली एक गावे आहेत. वरच्या गावाचे सांडपाणी खालच्या गावाने प्यायचे. खाली खाली जावे तसे गलगंडाचे प्रमाण वाढते, असे त्याने नोंदवले. त्याने त्या पाण्याचा गाळ स्वतः प्यायला, इतर स्वयंसेवकांनाही पाजला, आणि काहींचे गळे सुजले. तोच गाळ उकळून दिलेल्यांचे सुजले नाहीत. त्यावरून त्याने दूषित पाणी हेच कारण ठरवले. आज आपण म्हणू की मूळ कारण त्याच्या हातून निसटले. पण निरीक्षण खोटे नव्हते. आयोडीन आधीच कमी असले म्हणजे इतर बारीकसारीक गोष्टीही ग्रंथीला बाधतात, एवढे त्यातून आज घेता येते. गाळ स्वतः पिणारा शास्त्रज्ञ चुकला तरी मला त्याच्याविषयी आदरच वाटतो.

निर्णायक पुरावा शाळकरी मुलींनी दिला. अमेरिकेत ओहायो राज्यातील ॲक्रन गावी १९१७ साली मरीन आणि किम्बल यांनी शाळेतील मुलींना वर्षातून दोनदा दोन-दोन ग्रॅम सोडियम आयोडाइड, दहा दिवसांत वाटून, देण्यास सुरुवात केली. घेणाऱ्या २१९० मुलींपैकी ५ जणींची ग्रंथी वाढली. न घेणाऱ्या २३०५ पैकी ४९५ जणींची. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका प्रांतात आणि १९२४ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात आयोडीनयुक्त मीठ विक्रीस आले. मीठच का? तर ते गरीब-श्रीमंत सारेच खातात, रोज खातात, आणि साधारण सारखेच खातात. साखर किंवा तेल याबाबत असे म्हणता येणार नाही.

आता आपल्या देशातील कांगडा खोऱ्याची हकीकत. मला या सगळ्या वाचनात सर्वांत जास्त गुंतवले ते हिने. १९५६ साली, कांगडा अजून पंजाबात असताना, डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काम आरंभले. सहकाऱ्यांत देव आणि करमरकर ही नावे वाचून उगाचच घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले! सुमारे एक लाख वस्तीच्या प्रदेशाचे त्यांनी तीन विभाग केले. 'अ' विभागाला पोटॅशियम आयोडाइड मिसळलेले मीठ, 'क' विभागाला पोटॅशियम आयोडेट मिसळलेले मीठ, आणि 'ब' विभागाला नेहमीचे साधे मीठ. प्रारंभी तिन्हीकडे गलगंडाचे प्रमाण जवळपास सारखे, शेकडा ३८ च्या आसपास होते. १९६२ मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा 'अ' मध्ये ते १९ वर आणि 'क' मध्ये १५ वर उतरले होते. 'ब' मध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्यानंतर 'ब' विभागालाही आयोडीनचे मीठ देण्यात आले आणि पुढच्या पाहणीत तेथेही गलगंड ओसरला. त्याच १९६२ साली सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. आपल्या मिठात आज आयोडाइडऐवजी आयोडेट घालतात, कारण दमट हवेत ते जास्त टिकते.

हे आकडे मी वहीत उतरवून घेतले आणि मग पेन खाली ठेवले. 'ब' विभागात त्या सहा वर्षांत किती बाळे जन्मली असतील? शास्त्राच्या दृष्टीने 'ब' विभाग हवाच होता. त्याच्याशिवाय सरकारला कोणी पटवून देऊ शकले नसते, आणि तेव्हा देशात इतर ठिकाणीही साधेच मीठ मिळत होते. हे सर्व मला पटते. तरीही 'ब' विभागातल्या गरोदर बाईच्या जागी वहिनी दिसत राहिली.

कारण खरा धोका गळ्यातल्या गाठीचा नाहीच. गर्भाची स्वतःची ग्रंथी गर्भारपणाच्या मध्यापर्यंत पुरेशी कामाला लागलेली नसते. तोवर त्याच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉक्सिनवर चालते. आईलाच ते कमी पडले तर बाळाच्या मेंदूचे जे नुकसान होते ते पुढे कितीही आयोडीन दिले तरी भरून येत नाही. तीव्र कमतरतेत जन्मलेली काही मुले बहिरी-मुकी, तिरळी, पाय ताठ झालेली, मंदबुद्धी निपजतात. या अवस्थेला जडवामनता म्हणतात. १९६६ साली न्यू गिनीतील जिमी खोऱ्यात एकाआड एक कुटुंबांना आयोडीनयुक्त तेलाचे इंजेक्शन देऊन पाहिले. इंजेक्शन गर्भधारणेच्या आधी मिळालेल्या बायकांच्या मुलांत ही विकृती टळली. दिवस राहिल्यानंतर मिळाले तेव्हा तितका उपयोग झाला नाही. जिथे कमतरता सौम्य असते तिथे असे ठळक काही दिसत नाही, पण शाळेतली मुले शिकण्यात थोडी मागे पडतात. हे 'थोडे' कोणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि खापर मास्तरांवर किंवा मुलाच्या नशिबावर फुटते.

आता आजीचा प्रश्न. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन जेमतेम ६० मायक्रोग्रॅम. ते सगळेच्या सगळे मिठात उतरले असे धरले तरी १५० मायक्रोग्रॅमसाठी रोज जवळजवळ ८८ ग्रॅम मीठ खावे लागेल. प्रत्यक्षात मिठागरात मीठ खड्यारूपाने जमते तेव्हा आयोडीनचा बराच भाग मागे उरणाऱ्या कडवट पाण्यातच राहतो. समुद्रातले आयोडीन मासळीत आणि शैवालात साठते, मिठात नाही. हल्ली प्रतिष्ठा पावलेले गुलाबी मीठ आणि उपासाचे सैंधव यांचीही तीच गत. वरून घातल्याशिवाय त्यांत पुरेसे आयोडीन नसते. कारखान्यातून निघताना मिठात दशलक्ष भागांत ३० भाग आणि घरी पोहोचेपर्यंत किमान १५ भाग आयोडीन असावे असा आपल्याकडे नियम आहे. १५ भागांच्या हिशेबाने दहा ग्रॅम मिठात नेमके १५० मायक्रोग्रॅम मिळतात.

आयोडीनविरहित मीठ खाण्यासाठी विकण्यावर केंद्र सरकारने १९९७ मध्ये बंदी घातली, २००० मध्ये उठवली आणि २००६ पासून पुन्हा लागू केली. मध्येच ती का उठली याची हकीकत सक्ती आणि स्वातंत्र्य या वादाची आहे. ती आमच्या राज्यशास्त्राच्या मित्रांनी लिहावी. २०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत सुमारे ७६ टक्के घरांत पुरेसे आयोडीन असलेले मीठ आढळले. उरलेल्या घरांत आमचेही घर बसते, हे मला थेंबाने दाखवले.

पण अवटुग्रंथीचे गाडे एकट्या आयोडीनवर चालत नाही. टायरोसीनला आयोडीन जोडण्याचे काम जे विकर करते त्याच्या गाभ्यात लोह असते. रक्तक्षय झालेल्या बाईत किंवा मुलात हे विकर मंद पडते, आणि मग आयोडीन दिले तरी ग्रंथी त्याचा नीट उपयोग करू शकत नाही. मोरोक्को आणि आयव्हरी कोस्ट या देशांतील मुलांवर झालेल्या अभ्यासांत हेच दिसले: लोहाची उणीव असलेल्या मुलांचे गलगंड आयोडीनला कमी दाद देत होते, आणि लोह दिल्यावर ती दाद सुधारली. आपल्याकडे बायकांत रक्तक्षय किती सर्रास आहे हे सांगायला नको.

तिसरे खनिज सेलेनियम. थायरॉक्सिन हे बरेचसे साठ्याचे रूप आहे. त्यातला एक आयोडीन अणू काढला की अधिक प्रभावी रूप तयार होते. तो अणू काढणाऱ्या विकरांना सेलेनियम लागते. मध्य आफ्रिकेत काँगोच्या काही भागांत आयोडीन आणि सेलेनियम दोन्ही तुटपुंजी आहेत. तिथे आयोडीन न देता नुसते सेलेनियम दिले तेव्हा रक्तातील थायरॉक्सिन आणखी उतरले! विकरे जोमाने कामाला लागली आणि होता तो साठाही खर्चू लागली. एक उणीव भरताना दुसरी उघडी पडते, ती अशी.

बाजरीविषयीही एक गोष्ट वाचली. सूदानच्या दार्फूर भागात बाजरी हेच मुख्य अन्न. तिच्यातील काही द्रव्ये ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात असे १९८९ च्या सुमारास दाखवण्यात आले. हे मी घरी सांगितले तेव्हा वडील ताटातल्या भाकरीकडे संशयाने पाहू लागले. पण आयोडीन पुरेसे मिळत असेल आणि जेवणात इतर धान्येही असतील, तर हिवाळ्यातली भाकरी सोडण्याचे काही कारण नाही.

शेवटी आईविषयी. तिला तीन वर्षांपूर्वी अवटुग्रंथीचा विकार असल्याचे निदान झाले. त्याआधी दोन-तीन वर्षे ती दुपारी झोपते, विसरते, म्हणून घरात तिला सगळे बोलत. मीही बोलले आहे. मिठाचा शोध लागल्यावर आजीने कपाळावर हात मारला. "म्हणजे माझ्या मिठानं सुनेला दुखणं लागलं?" हा प्रश्न मी आईच्या डॉक्टरांना विचारला. त्यांनी रक्ताचा जुना कागद काढून दाखवला: आईची रोगप्रतिकारशक्तीच तिच्या ग्रंथीवर हल्ला करते, असा तो विकार होता. आयोडीन भरपूर मिळणाऱ्या ठिकाणीही तो सर्रास आढळतो. त्यावर आयोडीन हे औषध नव्हे. उलट ते अति झाले तर बाधूही शकते. त्यामुळे घरात मीठ बदला, पण आयोडीनचे थेंब, शैवालाच्या गोळ्या असले काही स्वतःच्या मनाने सुरू करू नका, असे त्यांनी बजावले.

तरीही त्यात खनिजांचा एक धागा निघालाच. आईच्या गोळीची मात्रा दोनदा वाढवूनही तिचा टीएसएच खाली येत नव्हता. डॉक्टरांनी सहज विचारले, "गोळी कशी घेता?" आई म्हणाली, "सकाळी चहाबरोबर, सगळ्या एकदम." सगळ्या म्हणजे थायरॉक्सिनची, अशक्तपणासाठी दुसरीकडून मिळालेली लोहाची आणि हाडांसाठी कॅल्शियमची. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि ते रक्तात नीट उतरू देत नाहीत. तीन वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. आता ती थायरॉक्सिनची गोळी उठल्याबरोबर उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घेते, चहा तासाभराने, आणि लोह व कॅल्शियम किमान चार तासांनंतर, दुपारी आणि रात्री. दोन महिन्यांनी आकडा उतरला. आई पुन्हा संध्याकाळी वाचायला बसू लागली.

वहिनीचीही तपासणी त्याच आठवड्यात करून घेतली. आकडे ठीक होते. तिने सांगितले, "अहो ताई, माहेरी आम्ही पुडीचंच मीठ खायचो." चार महिन्यांचे जाडे मीठ तिच्या पूर्वीच्या साठ्याने निभावून नेले असावे. बाळ जूनमध्ये झाले. दवाखान्यात त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन अवटुग्रंथीची चाचणी केली आणि तीही व्यवस्थित आली.

आजीने जाडे मीठ सोडलेले नाही. लोणच्याला तेच लागते, यावर ती ठाम आहे. पण ती बरणी आता माळ्यावर गेली आहे, आणि ओट्यावर झाकणाच्या डब्यात पुडीचे मीठ असते. बाटलीतला शेवटचा थेंब तिने शेजारच्या काकूंच्या मिठावर टाकायला लावला.